परक्याची ओळख कोणीं द्यावी?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ह्या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हां माझ्या मनांत प्रथम संकोच उत्पन्न झाला. सुवर्णमहोत्सवाच्या दिवशीं ऐकणाऱ्यांची अपेक्षा अशी असते कीं, वक्त्यानें ख्रिस्तमंदिराच्या भिंती कशा उभ्या राहिल्या, घंटा कोणीं दिली, पहिल्या मिस्सेला किती माणसें होतीं, ह्याचें गोड वर्णन करावें. तें वर्णन ह्या स्मरणिकेंत इतरांनीं केलेलें आहे, आणि माझ्याहून चांगलें केलेलें आहे. मीं आज निराळा विषय निवडला आहे. जो मनुष्य कालपरवां आपल्या नगरांत आला, आणि आपण कोण हें सांगणारा कागद ज्याच्याजवळ नाहीं, त्याची ओळख कोणीं द्यावी व कोणत्या आधारावर द्यावी, हा तो विषय होय. अमेरिकेंत ह्या प्रश्नावर नगरांच्या सभागृहांत मोठे वाद झाले आहेत. आपल्या पुण्यांत तो दुसऱ्या वेषानें वावरत आहे. आणि मला लाजेनें सांगावें लागतें कीं, एके दिवशीं तो माझ्या टेबलापुढेंहि येऊन उभा राहिला होता. ती हकीकत मी शेवटीं सांगेन.

आरंभ आपण जुन्या करारापासून करूं. यार्देन नदीच्या दोहों बाजूंस मिळून सहा नगरें आश्रयाचीं नगरें म्हणून राखून ठेविलेलीं होतीं: पश्चिमेस केदेश, शखेम व हेब्रोन, आणि पूर्वेस बेसेर, रामोथ व गोलान. ज्याच्या हातून नकळत मनुष्यवध घडला, त्यानें सूड घेणाऱ्यापासून पळून ह्यांपैकीं एका नगराकडे जावें. वेशीच्या तोंडाशीं उभें राहून तेथील वडील मंडळीस आपली हकीकत सांगावी. आणि त्यांनीं त्यास आंत घेऊन राहावयास जागा द्यावी, असा नियम होता. ह्या नियमांतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, हा आश्रय जसा इस्राएलाच्या संतानास, तसाच त्यांच्यांत राहणाऱ्या परदेशीयासहि होता. दुसरी ही कीं, बुद्धिपुरस्सर खून करणाऱ्यास तेथें थारा नव्हता. चौकशी होत असे. म्हणजे आश्रय देणें ह्याचा अर्थ न्याय बंद करणें असा कधींच नव्हता. सुडाला थांबवून न्यायाला अवसर मिळावा, हा त्यांतील हेतु होता.

हीच रीत पुढें ख्रिस्ती युरोपांत ख्रिस्तमंदिरांकडे आली. मंदिरांत शिरलेल्या मनुष्यास बळानें बाहेर ओढूं नये, हा दंडक शेंकडों वर्षें चालला. राजसत्ता बळकट झाली, न्यायालयें नियमित झालीं, तशी त्याची गरज कमी होत गेली. इंग्लंडांत सतराव्या शतकांत तो कायद्यानें मोडला. आपल्या कॅथॉलिक धर्मविधींच्या १९१७ च्या संहितेंत ह्या हक्काचा उल्लेख होता; १९८३ च्या संहितेंत तो राहिलेला नाहीं. जुना हक्क असा मावळला. परंतु वेशीपाशीं उभा असलेला मनुष्य मावळला नाहीं.

आतां अमेरिकेकडे वळूं. १९८० च्या सुमारास मध्य अमेरिकेंतील एल साल्वादोर व ग्वातेमाला ह्या देशांत यादवी माजली होती. २४ मार्च १९८० रोजीं साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो ह्यांस मिस्सा अर्पण करीत असतांनाच गोळी घालून ठार मारण्यांत आलें. २०१८ सालीं पोपमहाशयांनीं त्यांस संतपद दिलें, हें आपणांस ठाऊक आहेच. त्या देशांतून हजारों लोक उत्तरेकडे पळाले. अमेरिकेच्या सरकारनें त्यांपैकीं फारच थोड्यांस आश्रित म्हणून मान्यता दिली. तेव्हां रोमेरो ह्यांच्या दुसऱ्या स्मृतिदिनीं, म्हणजे २४ मार्च १९८२ रोजीं, ॲरिझोनांतील टूसान शहरांतल्या एका प्रेसबिटेरियन मंदिरानें आपलें दार ह्या लोकांसाठीं उघडें असल्याचें जाहीर केलें. त्या पंथाचें आपलें मतभेद असोत. परंतु त्यांनीं तो दिवस निवडावा, ह्याचें आपणां कॅथॉलिकांस अगत्य वाटलें पाहिजे. त्यांच्यामागून अनेक पंथांचीं मंदिरें, कॅथॉलिकहि, ह्या कार्यांत उतरलीं.

मंदिरांनंतर नगरें पुढें आलीं. सॅन फ्रान्सिस्को नगरानें १९८५ सालीं आपण आश्रयाचें नगर असल्याचा ठराव केला, आणि १९८९ सालीं त्यास नियमाचें रूप दिलें. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनीं त्याहीपूर्वीं, १९७९ सालीं, असा हुकूम काढला होता कीं, एखाद्याचें देशांत राहणें कायदेशीर आहे किंवा नाहीं, एवढेंच शोधण्यासाठीं शिपायांनीं कारवाई आरंभूं नये. ह्या धोरणाचा अर्थ पुष्कळदां चुकीचा सांगितला जातो. आश्रयाचें नगर म्हणजे मध्यवर्ती सरकारचा कायदा जेथें चालत नाहीं असें नगर नव्हे. सरकारी अधिकारी तेथें येऊं शकतात, धरपकड करूं शकतात. नगर इतकेंच म्हणतें कीं, तें काम तुमचें आहे. आमचा शिपाई, आमचा दवाखाना, आमची शाळा हीं त्यासाठीं राबणार नाहींत. ह्यामागील हिशेब व्यवहारी आहे. ज्या बाईच्या घरीं चोरी झाली ती जर पोलिसाला भिऊन चौकीवर गेलीच नाहीं, तर चोर मोकळा राहतो आणि शेजाऱ्याच्याहि घरीं जातो. ज्याचें मूल तापानें फणफणलें आहे तो जर दवाखान्याला भ्याला, तर ताप साऱ्या आळींत पसरतो.

ह्याच विचारांतून नगराच्या ओळखपत्राची कल्पना निघाली. कनेक्टिकट संस्थानांतील न्यू हेवन शहरांत परदेशांतून आलेले पुष्कळ मजूर होते. ओळखीचा कागद नसल्यामुळें त्यांना पेढींत खातें उघडतां येत नसे. मजुरीचे पैसे ते खिशांतच बाळगीत, आणि हें ठाऊक असल्यामुळें लुटारू त्यांच्याच पाळतीवर राहत. ४ जून २००७ रोजीं तेथील नगरसभेनें ठरविलें कीं, जो कोणी ह्या शहरांत राहतो त्यास शहराचें ओळखपत्र मिळावें; तो कोणत्या देशाचा नागरिक आहे हें विचारूं नये. अमेरिकेंतील अशा प्रकारचें हें पहिलें ओळखपत्र होय. ठराव होऊन दोनच दिवस झाले, तोंच मध्यवर्ती सरकारच्या अधिकाऱ्यांनीं त्या शहरांत छापे घालून अनेकांस धरून नेलें. तरी जुलई महिन्यांत कार्डें देण्यास आरंभ झालाच. पुढें २००९ सालीं सॅन फ्रान्सिस्कोनें आणि २०१५ सालीं न्यूयॉर्कनें हाच मार्ग धरिला. न्यूयॉर्कांत मात्र एक नवी भीति उत्पन्न झाली. कार्डासाठीं लोकांनीं दाखविलेल्या कागदांच्या नकला नगराजवळ सांठल्या होत्या. सरकार बदललें आणि हीच यादी धरपकडीसाठीं मागितली, तर काय करावें? त्यावर न्यायालयांत भांडण झालें, आणि अखेर नगरानें अर्जदारांचे कागद जपून ठेवण्याचेंच बंद केलें. मनुष्यास आधार देण्यासाठीं केलेली यादी त्याच्या पारधीसाठींहि उपयोगीं पडते, हा धडा त्यांतून मिळाला. तो आपण मनांत बाळगूं. पुढें तो आपणांस लागणार आहे.

आपल्या देशांत पुण्याच्या किंवा मुंबईच्या महानगरपालिकेस असा अधिकार नाहीं. परदेशीय कोण, नागरिक कोण, कोणीं राहावें, कोणीं जावें, हा विषय सर्वस्वीं भारत सरकारचा आहे. १९४६ सालचा परदेशीयांविषयींचा कायदा दीर्घकाळ चालला. त्याची जागा २०२५ सालच्या नव्या कायद्यानें घेतली. आश्रितांसंबंधीं १९५१ साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावर आपल्या देशाची सही नाहीं. तेव्हां अमेरिकेंतील रीत उचलून येथें लावूं म्हटल्यास ती लागणार नाहीं, आणि तसें म्हणण्याचा माझा उद्देशहि नाहीं. तथापि आश्रय ही गोष्ट आपल्या मातीस परकी आहे, असें मात्र कोणीं समजूं नये.

ह्याची साक्ष आपल्या पुण्यांतच आहे. १७९२ सालीं सवाई माधवराव पेशव्यांनीं आपल्या फौजेंतील ख्रिस्ती शिपायांस उपासनेसाठीं जागा दिली. तेथें जें मंदिर झालें, तेंच आज क्वार्टर गेटजवळचें सिटी चर्च होय. वसईच्या लढाईस तेव्हां जेमतेम त्रेपन्न वर्षें झालीं होतीं. पोर्तुगीजांशीं झालेलें तें युद्ध पुणेकरांच्या स्मरणांतून गेलेलें नव्हतें. तरीहि त्याच धर्माच्या, परक्या नांवांच्या माणसांना ब्राह्मण राज्यकर्त्यानें आपल्या राजधानींत देवाचें नांव घ्यावयास जागा दिली. पुण्यांतील आपलें सर्वांचें मूळ त्या एका जागेंत आहे. आपण येथें आश्रयानें आलेले लोक आहों, हें आपणांस विसरून चालणार नाहीं.

दुसरी साक्ष कोल्हापूरची. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं रशियानें पूर्व पोलंडांतील लाखों लोकांस सैबेरिया व कझाकस्तानकडे हांकून दिलें. १९४१ सालीं त्यांची सुटका झाली, तेव्हां त्यांतील कांहीं जण इराणमार्गें हिंदुस्थानांत आले. नवानगरच्या जामसाहेबांनीं बालाचडी येथें पोलिश मुलांसाठीं छावणी उघडली, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. परंतु आपल्या महाराष्ट्रांत, कोल्हापूरजवळ वळिवडें येथें, १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश लोक राहिले, हें फार थोड्यांस ठाऊक आहे. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलें होतीं, आणि धर्मानें ते बहुतेक आपलेच बांधव होते. माळावरच्या त्या लांब चाळींत त्यांनीं शाळा काढल्या, मंदिर मांडलें, बाजार भरविला. त्यांच्या देशाची सरहद्द मागें बदलून गेली होती. कित्येकांस परत जावयास गांवच उरलें नव्हतें. ते निघून गेल्यावर त्याच चाळींत फाळणीनें देशोधडीस लागलेले सिंधी लोक येऊन राहिले, आणि त्या वस्तीचें नांव गांधीनगर पडलें. आज तेथील कापडबाजार साऱ्या दक्षिण महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. एकाच छपरानें दोन वेळां परक्यांस झांकलें, आणि त्यामुळें कोल्हापूर कांहीं दरिद्री झालें नाहीं.

परंतु पेशव्यांनीं ज्यांना जागा दिली ते त्यांच्या चाकरींतले होते, आणि वळिवड्यास जे आले ते सरकारच्या संमतीनें आले. न बोलावतां जो येतो, त्याचें काय? तो बहुधा परदेशांतून येत नाहीं. तो जालन्याहून येतो, सोलापुराहून येतो, झारखंडांतून येतो. तो ह्याच देशाचा नागरिक असतो. देशांत कोठेंहि राहण्याचा हक्क संविधानानें त्यास दिलेला आहे. तरी शहरांत पाऊल टाकतांच तो परका होतो, कारण त्याचा कागद गांवीं असतो आणि पोट शहरांत.

१९७२ सालचा दुष्काळ आपणांपैकीं वडीलधाऱ्यांच्या स्मरणांत असेल. मराठवाड्यांतून व इतर दुष्काळी भागांतून कितीएक कुटुंबें त्या काळांत पुण्याच्या वाटेस लागलीं. कांहींस बांधकामावर काम मिळालें. ज्यांच्या पदरीं शेत नव्हतें, आणि जातीमुळें दुसऱ्या कामाची आशाहि नव्हती, अशांपैकीं पुष्कळ बायांनीं खांद्यावर पोतें घेतलें आणि कचऱ्याच्या पेट्यांतून कागद, काच, पत्रा वेचण्यास आरंभ केला. पहाटेच्या अंधारांत पोतें घेऊन फिरणारी बाई म्हणजे चोर, हें समीकरण सुखवस्तु माणसाच्या डोक्यांत किती लवकर बसतें, हें मीं सांगावयास नको. कोठें चोरी झाली कीं प्रथम तिलाच अडवावें, तिचेंच पोतें उपडें करावें. ती कोठें राहते, तिचें नांव काय, हें सांगणारा एकहि कागद तिच्याजवळ नसे.

१९९३ च्या मे महिन्यांत ह्या कष्टकऱ्यांचें अधिवेशन पुण्यांत भरलें. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठांतील प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या त्यांच्यामध्यें काम करीत होत्या. हमालांचे नेते डॉ. बाबा आढाव ह्यांचा त्यांस पाठिंबा होता. त्यांतून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. तिनें आपल्या सभासदांस ओळखपत्रें दिलीं, आणि १९९५-९६ च्या सुमारास पुणें महानगरपालिकेनें त्या ओळखपत्रांस आपली मान्यता दिली. कचरा वेचणाऱ्यांच्या ओळखपत्रास मान्यता देणारी देशांतील ही पहिली नगरपालिका, असें सांगतात.

ह्या कार्डाचें महत्त्व समजून घेणें जरूर आहे. त्यानें कोणास जमीन दिली नाहीं, घर दिलें नाहीं, नोकरी दिली नाहीं. त्यावर बाईचें नांव होतें आणि तिचें छायाचित्र होतें. परंतु रस्त्यांत शिपायानें हटकलें, तर दाखविण्यासारखी एक वस्तु तिच्या पदराच्या गांठीस आली. ती बाई ह्या शहरांत काम करते, आणि तें काम शहराच्या उपयोगाचें आहे, असें स्वतः शहरानें म्हटलेलें होतें. एकदां शहरानें हें म्हटलें, कीं पुढील गोष्टी त्यास टाळतां येत नाहींत. २००२-०३ सालीं ह्याच कार्डाच्या आधारें महानगरपालिकेनें ह्या बायांच्या आजारपणाच्या विम्याचा हप्ता स्वतः भरण्यास आरंभ केला. २००८ सालीं त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करण्याचें काम महानगरपालिकेशीं करार करून करूं लागली. आज आपल्या दारावर सकाळीं जी बाई येते, तिच्या आईला कदाचित् चोर म्हणून धरलें गेलें असेल. मध्यें एक कार्ड आलें.

मुंबईचेंहि एक उदाहरण आपणांस उपयोगी पडेल. पदपथांवर व झोंपड्यांत राहणाऱ्या लोकांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं निकाल दिला. ओल्गा टेलिस ह्यांच्या नांवानें तो प्रसिद्ध आहे. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हें न्यायालयानें मान्य केलें. तरी रीतसर नोटीस देऊन झोंपड्या काढण्याचा पालिकेचा अधिकारहि त्यानें कायम ठेविला. मात्र १९७६ सालच्या शिरगणतींत ज्यांस ओळखपत्रें मिळालीं होतीं, त्यांस दुसरीकडे जागा द्यावी, असें सांगितलें. म्हणजे शेजारीं शेजारीं दोन झोंपड्या. एकींत कार्ड आहे, दुसरींत नाहीं. एकीस जागा, दुसरीस रस्ता. पुढें महाराष्ट्रांत झोंपडीस संरक्षण देण्यासाठीं १ जानेवारी १९९५ ही तारीख ठरली, नंतर ती १ जानेवारी २००० झाली. देशांच्या सरहद्दी नकाशावर असतात. शहरांतल्या सरहद्दी अशा तारखांच्या असतात, आणि त्या ओलांडण्यास पाय उपयोगीं पडत नाहींत, जुना कागद लागतो.

आतां कोणी म्हणेल कीं, आज प्रत्येकाजवळ आधार कार्ड आहे. मग हा प्रश्न उरला कोठें? ह्यास उत्तर असें. आधार हें कायद्याप्रमाणें रहिवाशाचें कार्ड आहे. मागील बारा महिन्यांत १८२ दिवस जो ह्या देशांत राहिला, त्यास तें मिळूं शकतें. आणि तें नागरिकत्वाचा पुरावा नाहीं, असें २०१६ सालच्या त्याच्या कायद्यांतच लिहिलेलें आहे. राहणें निराळें आणि नागरिक असणें निराळें, हें न्यू हेवनमध्यें जें म्हटलें, तेंच आपल्या कायद्यानेंहि मान्य केलें आहे. परंतु त्या कार्डावर पत्ता असतो, आणि गरिबाचा पत्ता बहुधा गांवाकडचा असतो. १९ साली, म्हणजे २०१९ च्या ऑगस्टांत, महाराष्ट्र व गुजरात ह्यांमध्यें एकमेकांच्या रेशनकार्डावर धान्य देण्याची योजना सुरू झाली, आणि पुढें ती देशभर पसरली. ही मोठीच सोय झाली. तरी २०२० च्या टाळेबंदींत, ज्यांनीं आपल्या इमारती बांधल्या तेच मजूर डोक्यावर बोचकें घेऊन चालत गांवीं निघाले. शहरांत आपलें कोणी आहे, असें त्यांस वाटलें असतें, तर ते उन्हांत निघाले नसते.

येथवर मीं नगरांविषयीं व सरकारांविषयीं बोललों. दुसऱ्यांस उपदेश करणें सोपें असतें. आतां मी आपणांविषयीं, आणि प्रथम माझ्याविषयीं बोलतों.

सात-आठ वर्षांपूर्वीं ह्या धर्मग्रामाच्या कचेरींत रविवारच्या मिस्सेनंतर मी पत्रें लिहून देण्याचें काम करीत असें. एके रविवारीं एक बाई आली. ती जालन्याकडची होती. नवरा इमारतीच्या कामावर, ती चार घरीं भांडीं घांसत असे. मुलीला शाळेंत घालावयाचें होतें, आणि तिचें कुटुंब ह्या धर्मग्रामांत राहतें, एवढें लिहून तिला हवें होतें. आपला नियम असा आहे कीं, बाहेरून आलेल्यानें पूर्वींच्या धर्मग्रामाचें पत्र आणावें आणि राहण्याचा पुरावा दाखवावा. मीं नियम सांगितला. ती म्हणाली, "साहेब, कागद गांवाकडं राहिलाय. आणायला गेलं तर आठवड्याची मजुरी बुडती." मीं म्हटलें, "मग पुढच्या रविवारीं या." ती पुन्हां आली नाहीं. कांहीं महिन्यांनीं त्या इमारतीवर चौकशी केली, तों काम संपून मजूर दुसरीकडे गेलेले होते. त्या मुलीचें पुढें काय झालें, हें मला आजपर्यंत समजलेलें नाहीं.

त्या वेळीं माझ्या मनाला फारसें लागलें नाहीं. नियम माझ्या बाजूचा होता. परंतु ह्या स्मरणिकेसाठीं जुन्या कुटुंबांची यादी करावयाची होती, म्हणून दोन महिन्यांपूर्वीं मीं बाप्तिस्म्याचें पहिलें पुस्तक उघडलें. त्यांत पहिल्याच वर्षाची माझ्या धाकट्या बहिणीची नोंद सांपडली. आमचे आईवडील दुष्काळानंतर पुण्यास आले, हें मला ठाऊक होतें. परंतु त्या नोंदींत 'मूळ धर्मग्राम' ह्या रकान्यांत कांहींच लिहिलेलें नाहीं. पुढें त्या वेळच्या फादरांच्या बारीक अक्षरांत दोन ओळी आहेत: कुटुंब दुष्काळांत आलें, कागद नाहींत, दोघां शेजाऱ्यांच्या साक्षीवरून नोंद केली. खालीं एका शेजाऱ्याची सही आहे आणि दुसऱ्याचा अंगठा. बंधुभगिनींनो, ज्या कागदाच्या बळावर माझी बहीण शाळेंत गेली, आणि ज्या कुटुंबाचा मुलगा म्हणून मी पुढें त्या टेबलापाशीं बसलों, तो कागद एका अंगठ्यावर उभा आहे. जी सवलत माझ्या बापास मिळाली, ती मीं त्या बाईस नाकारली.

नियम वाईट आहे, असें मी म्हणत नाहीं. खोटा दाखला देणें हें पाप आहे, आणि त्यानें खऱ्या दाखल्याचीहि किंमत जाते. पण त्या बाईनें मजकडे खोटें मागितलें नव्हतें. ती आपल्या हद्दींत राहत होती, ही गोष्ट खरी होती. ती शोधण्यास दहा मिनिटें पुरलीं असतीं. तेवढे श्रम मीं घेतले नाहींत, आणि त्यास नियम असें नांव दिलें.

म्हणून ह्या महोत्सवाच्या दिवशीं धर्मग्राम मंडळापुढें मी तीन सूचना नम्रपणें ठेवतों.

पहिली सूचना अशी कीं, नव्यानें आलेल्या कुटुंबांची एक वही ठेवावी. ज्याच्याजवळ कागद नाहीं, त्याच्यासाठीं दोघां शेजाऱ्यांची साक्ष घ्यावी, आपल्यापैकीं एकानें त्याच्या घरीं जाऊन यावें, आणि आठवड्याच्या आंत पत्र द्यावें. पत्रांत जेवढें आपणांस ठाऊक आहे तेवढेंच लिहावें: अमुक कुटुंब अमुक ठिकाणीं राहतें, आणि तें आम्हीं पाहिलें आहे. नागरिकत्व ठरविणें सरकारचें काम आहे. तें आपण आपल्या शिरावर घेऊं नये. पाहिल्याची साक्ष देणें मात्र आपलें काम आहे.

दुसरी सूचना त्या वहीविषयींच आहे. न्यूयॉर्कचा धडा मीं मघांच सांगितला. ह्या वहींत गरजेपेक्षां अधिक कांहीं लिहूं नये. ती कपाटांत कुलुपांत राहावी. आणि देणगीदारास, घरमालकास किंवा निवडणुकीच्या उमेदवारास तींतलें एकहि पान दाखवूं नये. न्यायालयानें मागितल्यास गोष्ट निराळी. ज्यानें विश्वासानें आपलें नांव दिलें, त्याचें नांव ही ठेव आहे.

तिसरी सूचना अशी कीं, महिन्यांतून एका रविवारीं आपल्यांतील शिकलेल्या तरुणांनीं मिस्सेनंतर तासभर बसावें, आणि रेशनकार्डाचा, आधारच्या पत्त्याचा, शाळेच्या प्रवेशाचा अर्ज ज्याला भरावयाचा असेल त्यास मदत करावी. तो कॅथॉलिक आहे किंवा नाहीं, हें विचारूं नये. पेशव्यांनीं आपणांस जागा देतांना आपला धर्म आड येऊं दिला नव्हता.

१९५२ सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं स्थलांतरितांविषयीं जें धर्मपत्र काढलें, त्याचा आरंभच इजिप्तांत पळून गेलेल्या पवित्र कुटुंबाच्या स्मरणानें होतो. त्या कुटुंबाचे दोन प्रवास आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पहिला प्रवास शिरगणतीसाठीं झाला. नांव नोंदविण्यासाठीं योसेफ बेथलेहेमास गेला, आणि त्या गांवीं, जेथें त्याचें नांव वडिलोपार्जित होतें, तेथेंच त्यास उतरावयास जागा मिळाली नाहीं. दुसरा प्रवास रात्रीचा, परक्या देशाकडे. तेथें त्यांस कोणी तरी जागा दिली असली पाहिजे. तो कोण, त्याचें नांव काय, हें शुभवर्तमानांत दिलेलें नाहीं. त्यानें कागद विचारला होता कीं नाहीं, हेंहि लिहिलेलें नाहीं.

पुढील पन्नास वर्षांनीं ह्या धर्मग्रामाचा शतकमहोत्सव होईल. तेव्हां कोणी तरी आपलीं पुस्तकें उघडील. आजच्या रकान्यांत त्यास कांहीं रिकाम्या जागा सांपडाव्यात, आणि त्यांच्यापुढें दोन शेजाऱ्यांच्या साक्षी सांपडाव्यात, एवढीच माझी इच्छा आहे.

 ती बाई किंवा तिची मुलगी आज कोणत्याहि धर्मग्रामांत असो, तिला तिचें पत्र मिळालेलें असो, अशी प्रभूपाशीं प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.